क्वार्टरची किल्ली परत देण्याआधी

वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक घरात एक प्रश्न वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेला असतो. निवृत्ती जवळ आली की तो बाहेर काढावाच लागतो. कंपनीचे क्वार्टर ठरावीक मुदतीत रिकामे करायचे, किल्ली जमा करायची; मग जायचे कुठे? एकलहऱ्याच्या वसाहतीत आमचा संसार झाला, मुले इथेच वाढली. आता आमच्याकडेही तो दिवस आला आहे. गेल्या वर्षभरात आम्ही नवरा-बायकोने, कधी मुलांना घेऊन, पाच-सहा ठिकाणे हिंडून पाहिली. कुठे चार दिवस राहिलो, कुठे नुसती चौकशी केली. आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांपुढे हाच प्रश्न असतो. कोणी पोलिस लाइनमधून निघतो, कोणी रेल्वेच्या क्वार्टरमधून, कोणी आखाती देशातून कायमचा परततो. म्हणून जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिते आहे.

आधी एकलहऱ्याविषयी. नाशिक रोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठावर हे गाव आहे. शेजारी सामनगाव, ओढा, सिद्ध पिंप्री, लाखलगाव, हिंगणवेढे ही गावे. औष्णिक वीज केंद्राला पाणी आणि कोळसा या दोन्ही गोष्टी लागतात. पाणी गोदावरीचे आणि कोळशासाठी मुंबई-भुसावळ रेल्वेमार्ग जवळ, म्हणून हे केंद्र इथे आले. १९७० आणि १९७१ साली १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन संच आयुष्य संपल्याने कायमचे थांबले. राहिले ते तीन, म्हणजे ६३० मेगावॅट. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि आम्ही ‘बोर्डाचे’ होतो ते ‘महानिर्मिती’चे झालो. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून ‘बोर्ड’च आहे.

अशा वसाहतीत माणूस एका गावचा नसतो. कोणी कोराडीहून बदलून आलेला, कोणी चंद्रपूर, पारस, परळी किंवा भुसावळच्या दीपनगरहून. आमच्या इमारतीत वऱ्हाडी, खानदेशी, मराठवाड्यातले आणि आम्ही कोकणातले. मुस्लिम घरे मोजकीच. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी शेजारच्या वहिनी मुलांना सांगायच्या, आता त्यांच्याकडे बेल वाजवू नका. ईदला शीरखुर्म्याचे डबे जायचे, दिवाळीला फराळाची ताटे यायची. नाईट शिफ्टहून आलेला माणूस झोपला आहे म्हटल्यावर जिन्यात मुले आपोआप हळू बोलत. मुलीला संध्याकाळी क्लासला एकटीला पाठवताना कधी मनात आले नाही की कोण काय म्हणेल. पाण्याची, विजेची चिंता नव्हती. हे सगळे आपल्या कमाईचे नव्हते, पदाबरोबर आलेले होते, हे निवृत्तीच्या तोंडावर लक्षात येते.

जे नव्हते तेही सांगायला हवे. उर्दू किंवा दीनी तालीम मुलांना हवी तर कोणीतरी नाशिक रोडहून येणारा शोधा, नाहीतर मुलांना घेऊन तिकडे जा. जुम्याची नमाज शिफ्टच्या वेळेवर अवलंबून. घरात मय्यत झाली तर सगळी धावपळ वसाहतीबाहेर. आणि राख. एप्रिल-मेमध्ये वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर करड्या पुडीचा थर बसतो. ज्याला दमा आहे त्याला हे ऋतू वहीत लिहून ठेवावे लागत नाहीत.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना गावी परतायचे आहे. मोठा मुलगा सौदीत आहे. त्याला वाटते आम्ही मुंबईच्या जवळ यावे, म्हणजे विमानातून उतरला की तासाभरात घर. धाकटी मुलगी सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करते आहे, तिची दोन वर्षे बाकी आहेत. नवऱ्याला आयुष्यभर ज्यांच्याबरोबर काम केले त्या मित्रांपासून लांब जायचे नाही. आणि मला एकदा तरी स्वतःच्या नावाच्या भिंतीत खिळा ठोकायचा आहे. पाच माणसे, पाच दिशा. पैसा मात्र एकच: भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि थोडी शिल्लक. सरकारी खात्यासारखे भरभक्कम निवृत्तिवेतन आमच्याकडे नाही. ईपीएस-९५ ची रक्कम महिन्याच्या औषधांना पुरली तरी पुष्कळ. चुकीच्या जागी पैसा अडकला तर दुसऱ्यांदा घर घ्यायची ताकद राहणार नाही.

मोजमाप कशाने करायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याने एक गोष्ट काढली ती मला पटली. हिजरत करून प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेला पोहोचले तेव्हा सुरुवातीला काय काय झाले ते पाहा. मस्जिदीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती फुकट द्यायला तयार होती, तरी प्रेषितांनी (स.) किंमत देऊनच घेतली. म्हणजे जागा स्वच्छ व्यवहाराची हवी. मग मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला. म्हणजे शेजार हवा. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना त्यांच्या अन्सारी भावाने अर्धी संपत्ती देऊ केली, तर त्यांनी आभार मानले आणि बाजाराचा रस्ता विचारला, म्हणजे रोजगार हवा. पुढे रूमाची विहीर हजरत उस्मान (र.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, म्हणजे पाणी हवे. आजच्या काळात यात दवाखाना आणि मुलींचे शिक्षण ही दोन नावे वाढवली की यादी पुरी होते. आम्ही प्रत्येक ठिकाण याच यादीवर तपासले.

पहिला विचार आला तो एकलहऱ्यातच राहण्याचा. वसाहत सोडायची, पण आजूबाजूच्या गावात प्लॉट घेऊन घर बांधायचे. अनेक निवृत्त कर्मचाऱ्यांनी असे केले आहे. ओळखीची माणसे, ओळखीचा किराणावाला, मोकळी हवा, मळ्यातली भाजी. नाशिक रोड फार लांब नाही. महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने जागा शहरापेक्षा स्वस्त.

आता दुसरी बाजू. स्वस्त प्लॉटची जाहिरात करणारे बरेच वेळा शेतजमिनीचे गुंठे विकत असतात. सातबाऱ्यावर दहा जणांची नावे, बिनशेतीचा आदेश नाही, मंजूर लेआउट नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा व्यवहारांत कित्येकांचे पैसे अडकले आहेत. कायद्यात वेळोवेळी सवलती येतात, पण सवलत येईल या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये. दुसरे, दारणा-गोदावरीच्या काठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळनंतर अंगणात एकटे म्हातारे माणूस ठेवायचे का, हा विचार करावाच लागतो. तिसरे, नदी. शहराचे सांडपाणी घेऊन ती इथे येते, पानवेलींचा हिरवा गालिचा बंधाऱ्यावर साचतो आणि त्याबरोबर डास. मोठ्या पावसात खालच्या बाजूला सायखेडा-चांदोरीत पाणी शिरते, हे २०१६ आणि २०१९ मध्ये सर्वांनी पाहिले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे केंद्राचे भवितव्य. चालू संच चाळिशी ओलांडलेले आहेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच यावा, ही मागणी कित्येक वर्षांची आहे. तो आला तर इथला बाजार, शाळा, रिक्षा, सगळे टिकेल. नाही आला तर? एका कारखान्यावर उभे राहिलेले गाव कारखाना थांबला की कसे होते, हे वीज केंद्रांच्या लोकांना सांगावे लागत नाही. परळीचे केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा तिथल्या चहाच्या टपऱ्यांपासून घरभाड्यापर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसल्याचे तिथून बदलून आलेल्यांनी सांगितले आहे. तरुण माणसाने हा धोका घ्यावा की नाही ते त्याने ठरवावे. निवृत्त माणसाला आजूबाजूला चालते-बोलते गाव लागते.

दुसरा पर्याय म्हणजे आमचे गाव. मंडणगड तालुक्यात सासऱ्यांनी बांधलेले कौलारू घर आहे. पडवी, मागे विहीर, चार फणस, आंब्याची थोडी झाडे. मस्जिद दारात, कब्रस्तानात सासरे आणि त्यांचे आई-वडील. जमात एकदिलाने काम करते. गावात मय्यत झाली तर मुंबईहून गाडी भरून माणसे येतात. बोली आपली. तिथे मराठीत बोलणाऱ्या मुसलमानाकडे कोणी नवलाने पाहत नाही, कारण शेजारचा कुणबीही तेच बोलतो. सासूबाई तिथे गेल्या की त्यांची कंबर सरळ होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण त्या मोहल्ल्यात संध्याकाळी दिवे किती लागतात ते मोजा. निम्म्याहून अधिक घरांना कुलूप. तरुण मुंबईत किंवा आखातात. मोठी बंगलेवजा घरे मे महिन्यात आणि ईदला उघडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि आमच्या घराची अर्धी कौले उडाली. वाडीतली जुनी झाडे एका दुपारी आडवी झाली. वीज परत यायला किती दिवस लागले ते आठवले की अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्यात गेले आणि महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. वाडीचे जे उरले त्यावर माकडे तुटून पडतात. आणि दवाखाना: साध्या तापाला तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय ठीक, पण हृदयाचा झटका आला तर महाड, डेरवण किंवा मुंबई. घाटातला तो रस्ता आणि रात्रीची वेळ, हे दोन शब्द एकत्र घेतले की पुढे काही बोलवत नाही. मुलीच्या नोकरीचा तर तिथे प्रश्नच येत नाही.

म्हणून गावचे घर विकायचे नाही, पण तिथे कायमचे राहायचेही नाही, यावर आम्ही आलो. कौले काढून पत्रा घालायचा, सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर वारसांची नावे लावून घ्यायची, मे महिना आणि सुट्ट्या तिथे. हे आधी सासूबाईंना सांगायचे धाडस मात्र नवऱ्याचे होईना. ते काम माझ्याकडे आले.

तिसरे ठिकाण मालेगाव. माझी नणंद तिथे दिली आहे, म्हणून चार दिवस राहून पाहिले. मालेगाव हे स्थलांतराने उभे राहिलेले गाव आहे, हे विसरू नये. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून, १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळात, विणकर कुटुंबे इथे आली आणि मोसम नदीच्या काठी हातमाग लागले. आज यंत्रमागाचा खडखडाट पहाटेपर्यंत चालतो. मस्जिद, मदरसा, उर्दू शाळा, मुलींची शाळा, युनानी वैद्यकीय महाविद्यालय, मन्सूऱ्याचे मोठे शैक्षणिक संकुल, कपड्यापासून कबाबापर्यंत सारे हाताशी. जागा विचारताना कोणी आडनाव ऐकून गप्प होत नाही. रमजानच्या रात्री तिथल्या रस्त्यांची जी रौनक असते तशी आम्ही वसाहतीत कधी पाहिली नव्हती.

उणीवाही डोळ्यांत भरतात. रेल्वे नाही; गाडी पकडायची तर मनमाड गाठा. मोठ्या आजाराला नाशिक, म्हणजे महामार्गाने सुमारे शंभर किलोमीटर. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, मागाचा आवाज आणि धूळ. यंत्रमागाला मंदी आली की गावाच्या सगळ्या खिशांना एकदम भोक पडते. आणि आमच्यापुरती एक अडचण वेगळीच. आमची मुले मराठी माध्यमात शिकली. मालेगावच्या मोहल्ल्यात सगळा कारभार उर्दूत. भाच्यांनी माझ्या मुलीला प्रेमाने चिडवले की ही तर मराठी पेपर वाचते. हसण्यावारी गेले ते, पण मला जाणवले की मराठी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला घर शोधताना दोन दारे ठोठवावी लागतात. एका दारात भाषा जुळते आणि नावाशी अडते; दुसऱ्या दारात नाव जुळते आणि भाषेशी अडते. मालेगावला दोष नाही. ज्याचा धंदा तिथला, ज्याची मुले उर्दूत शिकणारी, त्याच्यासाठी मालेगावसारखी जागा जिल्ह्यात दुसरी नाही.

मुलाच्या हट्टाखातर मुंब्रा-कौसाही पाहिले. लोकल दारात, मुंबईची सगळी कामे जवळ, नातेवाईकांपैकी निम्मे तिथेच. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबांनी हे गाव वाढवले. त्यांनी शून्यातून शाळा-दवाखाने उभे केले, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण घर घेताना तिथे डोळ्यांत तेल घालून कागद पाहावे लागतात. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७० हून अधिक माणसे गेली. एवढे झाल्यावरही बिनपरवाना मजल्यावरचे स्वस्त घर कोणी ‘भाई, सब चलता है’ म्हणत दाखवत असेल, तर तिथून उठून यावे. आम्हाला कायदेशीर इमारतीतले घर परवडले नाही आणि परवडले ते कायदेशीर नव्हते. मुलाला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवले, त्यालाही पटले.

मग उरले नाशिक. या शहराचे मोगल काळातले नाव गुलशनाबाद. जुन्या नाशकात पिंजारघाटावर हजरत सय्यद सादिकशाह हुसैनी यांची बडी दर्गा आहे. दूधबाजार, चौक मंडई, भद्रकाली, कोकणीपुरा या भागांत मुस्लिम वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. कोकणीपुरा हे नाव ऐकूनच सासूबाई खूश झाल्या. आपल्याकडची माणसे शेकडो मैल आत येऊन इथे रुजली, हे त्यांना आपलेसे वाटले. सारडा सर्कलला नॅशनल उर्दू हायस्कूल, कथड्यात महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, बाजार पायाखाली. मात्र जुन्या वाड्यांची अवस्था नाजूक. पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत पडल्याची बातमी येते आणि काझीच्या गढीची माती दर वर्षी थोडी खचते. गाडी लावायला जागा नाही, जिने उभे. सासूबाईंना दुसरा मजला चढवणार कोण? वडाळा गाव आणि वडाळा रोडकडे नव्या इमारती आहेत, आपली माणसे आहेत, मस्जिद-मदरसे आहेत. पण आम्ही पाहिले त्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा दाब कमी पडतो असे तिथल्याच बायकांनी सांगितले. घर पाहताना दलालाला नाही, नळावरच्या बाईला विचारावे, हा धडा तिथे मिळाला.

शेवटी नाशिक रोड. एकलहऱ्याच्या माणसाला हे बाजारगाव जुन्या ओळखीचे. इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस यांच्यामुळे इथे पहिल्यापासून नोकरदारांची मिश्र वस्ती. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते. महापालिकेचे बिटको रुग्णालय आहे, मोठ्या आजाराला नाशिक शहर दहा किलोमीटरच्या आसपास. देवळालीगावात जुनी मुस्लिम वस्ती आहे. मुलीचे तंत्रनिकेतन जवळ. सिन्नर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे डिप्लोमावाल्या मुलीला पुढे नोकरीची आशा. सिंहस्थ जवळ आल्याने जागांचे भाव चढले आहेत, एवढीच मोठी अडचण दिसत होती.

दुसरी अडचण दारात उभी राहिल्यावर समजली. एका इमारतीत घर पसंत पडले. मालक चांगले बोलले, चहा झाला, बयाण्याची तारीख ठरली. दोन दिवसांनी फोन आला की सोसायटीतल्या काही लोकांचे म्हणणे आहे, तुम्ही दुसरीकडे पाहा. कारण कोणी तोंडाने सांगितले नाही. वसाहतीत आमचे डबे ज्यांच्या घरात जात होते त्याच गावात हे घडले, म्हणून जास्त लागले. नवरा दोन दिवस गप्प होता. मुलगी म्हणाली, अम्मी, वसाहतीत घर वाटताना नाव पाहत नव्हते, सीनियॉरिटी पाहत होते, एवढाच फरक. हा अनुभव आमचा एकट्याचा नाही. न्या. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की मुसलमानांना अनेक ठिकाणी घर विकत किंवा भाड्याने मिळायला अडचण येते, आणि भीतीपोटी लोक एकाच भागात दाटीने राहू लागतात. तिथे मग सोयी पोहोचत नाहीत, बँका कर्जाला नाखूश असतात.

या ठिकाणी घरात खरी चर्चा झाली. दीर म्हणाले, कशाला अपमान करून घेता, आपल्या लोकांत राहा. रात्री-अपरात्री काही झाले तर कोण येणार आहे? त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याने दंगल पाहिली आहे त्याला सुरक्षिततेवर भाषण देऊ नये. आपल्या माणसांत अजान ऐकू येते, मुलांना दीन हवेत मिळतो, मय्यतीला खांदा द्यायला माणसे शोधावी लागत नाहीत. पण एक गोष्ट मी वसाहतीत शिकले. शेजारी एकमेकांना ओळखतात तेव्हा अफवेला आत शिरायला फट मिळत नाही. आपण सगळेच आपापल्या मोहल्ल्यात गेलो, तर आपल्या मुलांना त्यांची मुले कुठे भेटणार? अरबीत म्हण आहे की घर पाहण्याआधी शेजारी पाहा. त्यात शेजारी आपल्याच धर्माचा हवा अशी अट नाही. इस्लामने शेजाऱ्याचे जे हक्क सांगितले आहेत तेही प्रत्येक शेजाऱ्याचे आहेत.

म्हणून आम्ही मधला मार्ग शोधला. मस्जिद पायी जाण्याच्या अंतरावर असावी, कब्रस्तानाची सोय रिक्षाच्या अंतरावर असावी, आणि इमारत मिश्र असावी. घाई करायची नाही. आधी भाड्याने राहायचे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढला की पाणी, गळती, शेजार, डास सगळे कळते. भाडे वाया गेले असे वाटते, पण चुकीच्या घरात अडकण्यापेक्षा ते स्वस्त.

घर विकत घेणाऱ्यांसाठी, विशेषतः बहिणींसाठी, वकिलांकडून आणि अनुभवी माणसांकडून समजलेल्या काही गोष्टी सांगते.

फ्लॅट असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहा. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा. प्लॉट असेल तर सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. महापालिकेबाहेरच्या गावात नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी आहे का, ते विचारा. नात्यातल्या माणसाने दाखवलेल्या जागेलाही हेच नियम. अनाथांची जागासुद्धा किंमत देऊन घेतली गेली, तर आपण भावबंदांच्या तोंडी शब्दावर का थांबावे?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर महिलेच्या नावाने नोंदवले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. पैशाचे सोडा, निवृत्तीनंतर पतीच्या पश्चात बाईच्या डोक्यावर छप्पर तिच्या नावाचे असणे ही मोठी गोष्ट आहे. शरीअतप्रमाणे मुले असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश, मुलीचा मुलाच्या निम्मा. हा वाटा मुलीला द्यायचाच असतो. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ म्हणून तो फिटत नाही. जिवंतपणी हिबा करायचा तर घोषणा, स्वीकार आणि ताबा तिन्ही हवेत. वसिय्यत एक तृतीयांशापुरतीच, तीही वारसांव्यतिरिक्त इतरांसाठी. हे सगळे घर घेण्याआधी जेवणाच्या दस्तरखानावर बोलून घ्यावे, म्हणजे नंतर कोर्टात बोलावे लागत नाही.

व्याजाचे कर्ज टाळायचे असेल तर घराचा आकार कमी करणे हाच पहिला उपाय. मोठ्या हॉलसाठी वीस वर्षांचे हप्ते गळ्यात घेण्यापेक्षा छोट्या घरात निजलेले बरे. आम्ही तीन खोल्यांचा हट्ट सोडून दोन खोल्यांवर आलो.

आणि कागदपत्रे. मूळ गाव सोडणाऱ्यांनी, विशेषतः जी कुटुंबे इतर मागासवर्गात येतात त्यांनी, गावातील शाळेचा जुना दाखला, आजोबांची नोंद, जन्म-मृत्यू रजिस्टरचे उतारे जपून ठेवावेत. जातीच्या प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. गावचे घर विकताना ट्रंकेतले जुने कागद भंगारात घालणारी कुटुंबे मुलांच्या प्रवेशाच्या वेळी तालुक्याला खेटे घालतात.

सासूबाईंना मी सांगितले तेव्हा त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग विचारले, माझ्यासाठी गावची जागा आहे ना? म्हणजे कब्रस्तानातली. नवऱ्याने शब्द दिला की आहे. इस्लाममध्ये मय्यत लांब नेण्यापेक्षा जिथे वेळ आली तिथे लवकर दफन करणे चांगले मानले जाते, हे त्यांनाच आम्हाला एकदा समजावून सांगावे लागले होते, सासऱ्यांच्या वेळी. तरी आता स्वतःची वेळ आली तर मन गावाकडे ओढते. त्यात चूक काही नाही. मक्का सोडताना प्रेषितांनाही (स.) आपल्या गावाची माया सुटली नव्हती. त्यावर इलाज म्हणून आम्ही ठरवले की त्यांना पावसाळा सोडून वर्षातले चार महिने गावी ठेवायचे, आळीपाळीने कोणीतरी सोबत राहायचे.

नाशिक रोडला भाड्याचे घर मिळाले आहे. तळमजला, दोन खोल्या. वरच्या मजल्यावर प्रेसमधून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी नळाला पाणी किती वाजता येते ते सांगितले, आणि विचारले, एकलहऱ्याचे का? मग फर्स्ट शिफ्टला उठायची सवय असेल. पाणी पहाटे पाचला येते. फज्रला आम्ही उठतोच.